रविवारची डावी: ओव्हरटेक करून लगेच वळलेल्या गाडीचं प्रकरण

एक बाई आठवड्याचे पाच दिवस सायकलवरून कामाला जातात. वय चाळिशीच्या पुढे, सायकल साधी हायब्रिड, कॅरिअरला बॅग, हँडलवर छोटा कॅमेरा. रस्ता ठरलेला. मधे दुभाजक, जाणाऱ्या बाजूला दोन लेन, डाव्या हाताला फुटपाथ आणि निम्म्या वाटेवर एका मोठ्या बागेकडे जाणारा आडरस्ता. सोमवार ते शुक्रवार त्या आडरस्त्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. रविवारी सकाळी सगळी गर्दी तिकडेच वळते. अपघात झाला तो रविवारी, त्याच वळणावर. (वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते असं धरून पुढचं लिहिलं आहे. जिथे उजवीकडून चालते तिथल्या वाचकांनी डाव्याचं उजवं करून घ्यावं.)

मार किरकोळ होता. कोपर आणि गुडघा सोलवटला, पुढचं चाक वाकलं, गाडीच्या दाराला ओरखडा आला. हे प्रकरण निवडलं त्याचं कारणही तेच. गंभीर अपघातात पुष्कळदा एकच बाजू सांगायला उरते, आणि तीही वकिलाने शिकवलेली. इथे दोघंही बोलले, शांतपणे बोलले, आणि वर कॅमेऱ्याचं चित्रण आणि सायकल कॉम्प्युटरमधली वेगाची नोंद हाताशी होती.

घटना

सायकल फुटपाथला लागून, ताशी २२ किलोमीटरच्या आसपास चालली आहे. रस्ता जवळजवळ मोकळा. मागून एक मोठी फॅमिली गाडी येते आणि ओव्हरटेक करते. बाजूचं अंतर मीटरभराहून कमी. उजवीकडची लेन पूर्ण रिकामी असताना एवढं चिकटून जायचं काहीच कारण नव्हतं, पण तो वेगळा गुन्हा. गाडी पुढे जाते. सायकल आणि गाडीतलं अंतर वाढतं, आणि मग वाढायचं थांबतं. ब्रेकलाइट लागतात, विझतात, पुन्हा लागतात. गाडी किंचित उजवीकडे झुकते. इंडिकेटर नाही. काचेतून दिसतं की शेजारच्या सीटवरच्या माणसाचा हात पुढे, डावीकडे काहीतरी दाखवतो आहे. पहिला ब्रेकलाइट लागल्यापासून चारेक सेकंदांनी गाडी एकदम डावी मारते. इंडिकेटर लागतो तो चाकं वळल्यावर.

सायकल गाडीच्या मागच्या डाव्या दारावर तिरकी घासते. बाई फुटपाथच्या बाजूला पडतात. गाडी तिथेच थांबते. ही या प्रकरणातली एक चांगली गोष्ट.

चालक उतरला, घाबरलेला होता, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "अहो ताई, तुम्हाला तर मी मागे टाकलं होतं ना?"

सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. त्याने सायकल पाहिली होती. पाहिली म्हणूनच तर ओव्हरटेक केली. एकदा ती मागे पडली की त्याच्या हिशोबातून ती गेली. पुढच्या दहा सेकंदांत आपण वेग निम्म्याहून खाली आणला, आणि मागची सायकल मात्र त्याच वेगाने येते आहे, हे गणित त्याने मांडलंच नाही. मांडायला डोक्यात जागा नव्हती. गाडीत पाच माणसं, मागे दोन मुलांचं भांडण, शेजारी मेहुण्याच्या हातात मोबाइलवरचा नकाशा. नकाशा सांगतो, शंभर मीटरवर डावीकडे. मेहुणा म्हणतो, हाच का रे? चालक म्हणतो, हा नसेल, पुढचा असेल. मग मागून बायको म्हणते, अहो, हाच, हाच! आणि स्टीअरिंग फिरतं. हे सगळं त्यानेच नंतर सांगितलं, काही न लपवता.

शनिवार-रविवारचा चालक वेगळा कसा

बाईंचं पहिलं म्हणणं असं होतं की रविवारी लोक बेदरकार चालवतात. चित्रण दोन-तीनदा पाहिल्यावर मला ते पटलं नाही. बेदरकार माणूस रोज भेटतो. सोमवारी सकाळी कट मारून जाणारा बेदरकारच असतो, पण त्याला रस्ता पाठ असतो. कुठे खड्डा आहे, कुठला सिग्नल किती वेळ थांबवतो, कुठे डावी लेन अडते, हे त्याला माहीत असतं, आणि म्हणून सायकलवाल्यालाही तो काय करणार हे कळतं. घाईला दिशा असते. आठ दिवस त्या रस्त्याने गेलात की घाईतला माणूस कुठे घुसेल हे सांगता येतं.

रविवारचा चालक शोधत असतो. वळण शोधतो, पार्किंग शोधतो, पाटी शोधतो, आत्याचं नवं घर शोधतो. शोधणाऱ्याचे डोळे रस्त्याच्या कडेला वर, दुकानांच्या आणि इमारतींच्या उंचीवर असतात. सायकल त्या नजरेच्या खाली राहते. शिवाय तो स्वतःच ठरवू शकलेला नसतो, त्यामुळे इंडिकेटर कशाचा देणार? सोमवारच्या माणसाला निर्णय आधी होतो आणि इंडिकेटर द्यायचा कंटाळा असतो. रविवारच्या माणसाचा निर्णयच वळता वळता होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र वेगळे लागतात.

फोन हातात धरला नाही म्हणजे लक्ष रस्त्यावर असतं, हाही असाच गोड गैरसमज. हँड्सफ्री बोलण्यानेही चालकाचं लक्ष विचलित होतं, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. हात मोकळे असून भागत नाही. या गाडीत तर फोनवर कोणी बोलतही नव्हतं. पाच जणांची चर्चा मात्र चालू होती.

रविवारच्या अगदी भल्या पहाटेचा धोका आणखी वेगळा. आदल्या रात्रीची दारू झोपेने उतरते असं मानणारे पुष्कळ. शरीर दारू आपल्या ठरलेल्या संथ गतीनेच बाहेर टाकतं. झोप, कॉफी, गार पाण्याने आंघोळ, कशानेही ती गती वाढत नाही. पहाटे पाचला रिकाम्या रस्त्यावर सुसाट येणारी गाडी रात्रीचीच असू शकते. या प्रकरणात तो भाग नव्हता, म्हणून इतकंच.

नऊ मीटर

आता थोडं गणित, कारण सगळ्यात उपयोगाचं तेच निघालं.

ताशी २२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ६ मीटर. गाडी वळायला लागली तेव्हा सायकल आणि गाडीची बाजू यांत चित्रणावरून काढलेलं अंतर नऊ मीटरच्या आसपास होतं. दचकणं, समजणं, हँडलवरची बोटं लिव्हरपर्यंत नेणं आणि ब्रेक धरायला लागणं, यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे सहा मीटर ब्रेकच्या आधीच संपले. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट दाबले तर या वेगाला थांबायला आणखी पाऊणेपाच मीटर लागतात. एकूण अकराच्या जवळ. हातात होते नऊ. उरलेल्या दोन मीटरांचा हिशोब कोपराने आणि गुडघ्याने भरला.

हेच गणित बोटं आधीपासून ब्रेक लिव्हरवर ठेवून मांडलं तर? सेकंदाऐवजी अर्धा सेकंद धरा. तीन मीटर अधिक पाऊणेपाच, म्हणजे आठच्या आत. गाडीला हातही लागला नसता. किंवा बोटं होती तिथेच राहू द्या, आणि पहिला ब्रेकलाइट दिसल्यावर नुसतं पेडल मारणं थांबवून वेग १८ वर येऊ द्या. सेकंदाला पाच मीटर, आणि थांबायला तीनच्या थोडं वर. पुन्हा आठच्या घरात. दोन्हींपैकी एक केलं असतं तरी पुरलं असतं. वेगाची नोंद सांगते की त्या चार सेकंदांत सायकलचा वेग कणभरही कमी झाला नव्हता.

यावर बाई चिडल्या, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. "म्हणजे चूक माझी?" नाही. मागून येऊन ओव्हरटेक करणाऱ्याने, आणि वळणाऱ्याने, दुसऱ्याच्या वाटेत येत नाही ना हे बघायचं असतं. चूक पूर्ण चालकाची, त्याने ती मान्य केली आणि चाकाचे पैसेही दिले. पण चूक कोणाची हा एक प्रश्न आणि पुढच्या रविवारी हाडं शाबूत कशी ठेवायची हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही. सायकलवाल्यांच्या गप्पांत हे दोन प्रश्न सतत एकमेकांत गुंततात आणि मग भांडण चालकाऐवजी आपापसांतच जुंपतं.

जॅकेटचा प्रश्न

घरच्यांनी बाईंना लगेच झगझगीत पिवळं जॅकेट आणून दिलं. वाईट काही नाही. डेन्मार्कमध्ये हजारो सायकलस्वारांवर असा प्रयोग झाला आहे, आणि त्यात ठळक रंगाचं जॅकेट घालणाऱ्यांचे इतर वाहनांशी होणारे अपघात कमी आढळले. चौकात आडवं येणारा चालक तुम्हाला लवकर टिपतो. पण या प्रकरणात चालकाने सायकल टिपली नव्हती असं नाहीच. त्याने ती पाहून मागे टाकली होती. जॅकेट कितीही पिवळं असो, ओव्हरटेक झाल्यावर ते आरशात राहतं, आणि आरशात त्याने बघितलं नाही.

हेल्मेटबद्दलही घरात वाद झाला. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर यांनी सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावून स्वतःला ओव्हरटेक करणाऱ्या सुमारे २,३०० गाड्या मोजल्या. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हेल्मेट घातलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या. लांब केसांचा विग घालून पाठीमागून बाईसारखं दिसल्यावर त्यांनी जरा जास्त जागा सोडली. या प्रयोगाच्या काळात त्यांना एकदा बसने आणि एकदा ट्रकने धडकही दिली. पुढे इतर संशोधकांनी त्याच आकड्यांची फेरमांडणी करून हेल्मेटच्या फरकाला फारसा अर्थ नाही असं म्हटलं. वाद अजून मिटलेला नाही. बाईंचं हेल्मेट त्या दिवशी फुटपाथच्या कडेला घासलं, त्यावर पांढरी रेघ आहे. त्यांच्या घरातला वाद तरी तेवढ्याने मिटला.

एक गोष्ट मात्र डोळ्यांच्या मर्यादेची आहे आणि ती कपड्यांनी सुटत नाही. समोरून किंवा मागून येणारी लहान वस्तू, तितक्याच वेगाच्या मोठ्या वस्तूपेक्षा उशिरा पोहोचेल असं माणसाला वाटतं. मोटारसायकलींच्या बाबतीत याचा बराच अभ्यास झाला आहे. सायकलचं तेच, वर "सायकल म्हणजे हळू" ही पक्की समजूत. २२ च्या वेगाने येणारी सायकल चालकाला चालत आल्यासारखी भासते. त्यामुळे जो जरा चांगला सायकल मारतो त्याला हा धोका जास्त.

काय बदललं

बदल बरेच ठरले होते. टिकले थोडे.

सगळ्यात चांगला टिकला तो हा नियम: पुढची गाडी कारण न दिसता मंदावली, तर ती डावीकडे वळणार असं धरायचं. सिग्नल नाही, पुढे गाडी नाही, माणूस आडवा आलेला नाही, आणि तरी वेग तुटला, म्हणजे तो काहीतरी शोधतो आहे. इंडिकेटरची वाट बघायची नाही. पेडल थांबवायचं, बोटं ब्रेकवर आणायची आणि गाडीच्या मागे राहायचं. किंचित उजवीकडे झुकलेली गाडी म्हणजे तर जवळजवळ खात्री, कारण मोठी गाडी अरुंद वळणावर घालताना बरेच चालक आधी उलट बाजूला सरकतात. नवख्या सायकलस्वाराला नेमकं तेव्हा वाटतं, वा, डावीकडे जागा झाली. ती जागा सायकलसाठी झालेली नसते.

याचाच दुसरा भाग म्हणजे मंदावलेल्या गाडीच्या डावीकडून न घुसणं. रोजच्या गर्दीत अडकलेल्या गाड्यांच्या डावीकडून सुळकन निघायची सवय हाडीमाशी खिळलेली असते. ती रविवारी बंद. ट्रक आणि बसच्या बाबतीत सातही वार बंद, कारण त्यांची मागची चाकं वळताना पुढच्या चाकांपेक्षा बरीच आतून जातात आणि ती बाजू चालकाला दिसतही नाही.

लेन धरण्याचा बदल मात्र जड गेला. आडरस्ता यायच्या तीस-चाळीस मीटर आधी मागे वळून बघायचं, हात दाखवायचा आणि फुटपाथची कड सोडून लेनच्या मध्यावर यायचं, वळण ओलांडलं की परत डावीकडे. असं केलं की त्या लेनमधून चिकटून ओव्हरटेक करून समोर वळणं गाडीला शक्य राहत नाही. तिला दुसरी लेन घ्यावी लागते किंवा पाच-सहा सेकंद मागे थांबावं लागतं. युक्ती चोख आहे, पण मागून हॉर्न वाजतो. बाई पहिल्या हॉर्नला पुन्हा कडेला गेल्या. दुसऱ्या वेळीही. मी स्वतः या बाबतीत हट्टी आहे. माझ्या मते हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं, आणि ज्याने पाहिलं आहे तो सहसा धडकत नाही. भीती वाटावी ती हॉर्न न वाजवता जवळ येणाऱ्याची. पण हे सायकलवर बसून, मागे दोन टनांचं इंजिन घुरघुरत असताना, पटवून घेणं सोपं नाही. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. हँडलला छोटा आरसा लावला, आणि मागे गाडी दूर असतानाच मध्यावर यायचं, जवळ आली असेल तर आधी तिला जाऊ द्यायचं, वेग कमी करून. तेवढ्यावर त्या स्थिरावल्या.

कडेपासून अंतर ठेवणं सोपं गेलं, कारण त्याला हॉर्न वाजत नाही. बागेजवळ रविवारी फुटपाथला लागून गाड्यांची रांग उभी असते, आणि दारं धाडकन उघडतात. मुलं तर न बघताच उघडतात. दार पूर्ण उघडलं तर मीटरभर बाहेर येतं. म्हणून हँडलचं डावं टोक गाड्यांपासून मीटरभरापेक्षा लांब राहील असं चालवायचं. मागच्या काचेत डोकी हलत असतील, ब्रेकलाइट आत्ताच विझला असेल, तर आणखी लांब. चालकांसाठी यावर एक साधा उपाय आहे. दाराच्या बाजूच्या हाताऐवजी लांबच्या हाताने दार उघडायचं, म्हणजे खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. नेदरलँड्सच्या नावाने ही पद्धत जगभर ओळखली जाते, आणि ब्रिटनने २०२२ मध्ये ती आपल्या वाहतूक नियमावलीतही घातली. त्याच वेळी सायकलला ओव्हरटेक करताना ताशी ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर अंतर सोडावं, हेही त्या नियमावलीत आलं. जर्मनीत शहरात दीड मीटरचं बंधन २०२० पासून आहे. या प्रकरणातल्या चालकाने दीड मीटर सोडायचे म्हटले असते तर त्याला उजवी लेन घ्यावी लागली असती, आणि उजव्या लेनमधून तो डावीकडे असा वळूच शकला नसता. या नियमाचा हा फायदा सहसा कोणी बोलत नाही.

रागाचंही थोडं. कट मारून गेलेल्या गाडीला पुढच्या सिग्नलला गाठून काचेवर टकटक करावी असं प्रत्येकाला वाटतं. बाईंनी पूर्वी केलंही आहे. त्याने होतं काय, तर पुढचे दहा मिनिटं आपलं लक्ष रस्त्यावर नसतं आणि समोर आणखी शंभर चालक असतात. या चालकाशी बोलणं जमलं कारण तो उतरला होता आणि घाबरला होता. आत बसलेल्या, काच वर केलेल्या माणसाशी ते जमत नाही. त्या आता नंबर कॅमेऱ्यात आहे एवढं मनाशी म्हणतात आणि पुढे जातात.

वळणाचा दोष

चित्रण पाहताना शेवटी लक्ष गेलं ते खुद्द वळणाकडे. आडरस्त्याचा कोपरा इतका गोलसर आणि ऐसपैस आहे की गाडीला वेग फारसा न तोडता आत जाता येतं. कोपरा काटकोनाकडे झुकणारा, आवळलेला असेल तर चालकाला थांबत थांबत वळावं लागतं, आणि तेवढ्या वेळात डावीकडची सायकल दिसते तरी, किंवा निघून तरी जाते. रस्ते बांधणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. वेगाचा फरक किती महाग पडतो हेही त्यांना माहीत असतं: ताशी ३० ऐवजी ५० ने आदळणाऱ्या गाडीत धडकेची ऊर्जा पावणेतीन पट असते. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमच्या रस्ता सुरक्षा परिषदेने, जिथे गाड्या आणि पायी किंवा सायकलवरची माणसं एकत्र येतात तिथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर ठेवावा, असं घोषणापत्रातच लिहिलं.

बाईंनी चित्रण रस्त्याच्या कार्यालयाला पाठवलं. पोच आली, पुढे काही नाही. मग बागेच्या दारावरच्या रखवालदाराशी त्या बोलल्या. त्याच्याकडे पार्किंग भरल्यावर लावायचे प्लास्टिकचे कोन होते. रविवारी सकाळी तो त्यातले चार कोन त्या कोपऱ्यावर चाप बसल्यासारखे मांडतो. गाड्या आता जवळजवळ थांबून आत वळतात, आणि दोन-तीन चालकांनी त्याबद्दल त्याला शिव्याही घातल्या आहेत. दुपारी पार्किंग भरलं की तो कोन उचलून आत नेतो. त्यानंतर सायकल काढायची असेल तर बाई मागच्या गल्लीने जातात.